प्लेट व्होल्टेज (व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर)

व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओतल्या सिग्नल वाढवणाऱ्या निर्वात काचनळीच्या, प्लेटवर, म्हणजे इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या अ‍ॅनोडवर, इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या कॅथोडच्या मानाने असलेला डीसी विद्युतदाब. मेकॅनिक या पुरवठ्याला ‘एच.टी.’ (हाय टेन्शन) म्हणतात. सिग्नलला वरखाली झुलायला किती जागा आहे, हे मुख्यतः यावर ठरते. दाब पुरेसा असला की आवाज वाढवला तरी स्वच्छ राहतो आणि खर्ज घट्ट येतो. कमी पडला की लाटेची टोके लवकर कापली जातात, आवाज दबतो, फाटतो. गिटारवाले ही फाट मुद्दाम घेतात. ख्याल ऐकणाऱ्याला ती नकोच असते.

तरी ‘व्होल्ट जास्त तितका आवाज गोड’ हा समज चुकीचा आहे. ईएल८४ हा रेडिओत सर्रास सापडणारा पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडांचा व्हॉल्व्ह, घ्या. प्लेटवर २५० व्होल्ट असताना ४८ मिलिअँपिअर करंट वाहिला की १२ वॅट खर्च होतात, आणि त्याची मर्यादाही तेवढीच. दाब ३०० वर नेला तर करंट ४० वर आणावाच लागतो. नाहीतर प्लेट लाल होते आणि व्हॉल्व्ह लवकर संपतो. शिवाय पेंटोडचा करंट प्लेटपेक्षा स्क्रीनच्या (प्लेटच्या अलीकडच्या जाळीच्या) दाबाने जास्त बदलतो. म्हणून बायस (करंट ठरवणारा ग्रिडचा स्थिर दाब), स्क्रीन आणि व्हॉल्व्हला स्पीकरशी जोडणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सोडून नुसत्या प्लेटविषयी बोलण्यात अर्थ नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातल्या मराठी घरांत व्हॉल्व्ह रेडिओवर सांगली आणि धारवाड आकाशवाणी लागे. ऊसपट्ट्यात पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या की लाईनच्या टोकाच्या गावात लाईट डीम होते. २३० ऐवजी १९० व्होल्ट आले, तर २५० ची एच.टी. साधारण २०६ वर येते आणि आवाजाची ताकद सुमारे एकतृतीयांशाने घटते. कॅथोड तापवणाऱ्या हीटरचा दाबही ६.३ व्होल्टवरून ५.२ वर उतरतो, तो तोटा वेगळाच. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या गायक कुमार गंधर्वांची रेकॉर्ड अशा वेळी रेकॉर्ड प्लेअर रेडिओच्या पिकअप सॉकेटला जोडून लावली, तर तंबोरा बराचसा टिकतो. डग्ग्याची घुमार आणि तानेची उसळी मात्र बोथट होते. अशा गावात व्हॉल्व्ह बदलण्याआधी स्टॅबिलायझर लावणे शहाणपणाचे.

ईएल८४ मध्ये प्लेट ७ नंबरच्या पिनवर, स्क्रीन ९ वर आणि कॅथोड ३ वर असतो. सेट बंद केल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये जीवघेणा दाब राहू शकतो. तो रेझिस्टरमधून उतरवून मीटरने खात्री केल्याशिवाय आत हात घालू नये.