कॅसेट भरणे

कॅसेट भरणे : आपल्या किंवा दुसऱ्याच्या मनःस्थितीला साजेशी गाणी निरनिराळ्या ठिकाणांहून वेचून, ठरवलेल्या क्रमाने एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून घेण्याची प्रथा. ‘मिक्सटेप’ हा शब्द मराठीत मागाहून आला. महाराष्ट्रात १९८० आणि १९९० च्या दशकांत ‘कॅसेट भरली’, ‘भरून घेतली’ किंवा ‘भरून दिली’ असेच म्हणत. घरच्या टेपवर स्वतः भरायची, दुकानदाराकडून भरून घ्यायची किंवा कुणासाठी तरी भरून द्यायची, असे तिचे तीन प्रकार या बोलण्यातच आले आहेत. छापील वेष्टनाची ती ‘ओरिजिनल’, बॉलपेनने नाव लिहिलेली ती ‘भरलेली’. ओरिजिनल कॅसेट शेजारी सहज नेऊ देत, भरलेली द्यायला जीव होत नसे.

साधन. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात ही छोटी कॅसेट लोकांपुढे ठेवली. ती घडवणाऱ्या चमूचे प्रमुख लू ओटेन्स हे डच अभियंते होते. तेव्हा तिचा उपयोग मुख्यतः बोलणे टिपण्यासाठी होईल अशी कल्पना होती, संगीतासाठी ती पुरेशी चांगली नाही असेच मानले जाई. फितीची रुंदी ३.८१ मिमी, वेग सेकंदाला सुमारे ४.७६ सेंमी. म्हणजे अर्ध्या तासाच्या गाण्यांना साधारण ८६ मीटर फीत लागते. सी-६० कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, सी-९०ची ४५ मिनिटांची. सी-१२०ही मिळत असे, पण तिची फीत इतकी पातळ की टेपने ‘खाल्ली’, म्हणजे यंत्रात गुंतवली, असे ऐकण्याची तयारी ठेवावी लागे. मग पेन्सिल दात्यांत अडकवून अर्धा तास फिरवत बसायचे. जाणकार सी-६०च घेत.

या ३० मिनिटांना प्रथेत फार महत्त्व आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटेच मावत, आणि चित्रपटगीते व भावगीते बराच काळ त्याच मापाने बेतली गेली. त्यामुळे सी-६०च्या एका बाजूवर आठ, फार तर नऊ गाणी बसत. आवडती गाणी पन्नास असली तरी निवडायची आठच. शिवाय हवे ते गाणे एका बोटावर लावण्याची सोय नव्हती. फॉरवर्ड करायचे, थांबवायचे, ऐकायचे, पुन्हा मागे जायचे, एवढा खटाटोप असल्याने ऐकणारा मुकाट्याने ओळीने ऐके. भरणाऱ्याचा क्रम ऐकणाऱ्यावर चाले, तो यामुळेच.

घरी भरणे. रेडिओ आणि टेप एकाच पेटीत असलेला ‘टू-इन-वन’ आखातातून परतलेल्या नातेवाइकांबरोबर आणि पुढे देशी बनावटीतून मध्यमवर्गीय घरांत आला, तेव्हा गाण्यांचा पहिला झरा आकाशवाणीच होता. ‘आपली आवड’ किंवा विविध भारतीचा कार्यक्रम लागला की रेकॉर्ड आणि प्ले ही दोन बटणे दाबून, पॉजवर बोट ठेवून बसायचे. निवेदक गाण्याचे नाव सांगेपर्यंत ते हवे आहे की नको हे कळत नसे, आणि कळून बोट उचलेपर्यंत सुरुवातीचा वाद्यमेळ निम्मा निघून गेलेला असे. गाणे संपल्यावर पॉज दाबायलाही असाच उशीर होई, म्हणून अशा कॅसेटवर गाण्यांच्या शेवटांना निवेदकाचे दोन शब्द चिकटलेले सापडतात. ज्यांच्याकडे जोडणीची वायर नव्हती ते दोन टेप समोरासमोर ठेवून एकावरून दुसऱ्यावर घेत. घरात सगळ्यांना गप्प बसायला सांगितले जाई, पण कुकरला सांगता येत नसे. तिसऱ्या कडव्यात शिट्टी असलेले गाणे वर्षानुवर्षे तसेच ऐकले जाई आणि पुढे ते शिट्टीविना अपुरे वाटू लागे.

दुकानातून भरून घेणे. स्वतःकडे तबकड्या नसलेल्यांसाठी शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही ‘रेकॉर्डिंग सेंटर’ असे. भिंतीला लावलेल्या एलपी तबकड्या, एक डबल डेक (दोन कॅसेटींचा टेप), आणि काउंटरवर दोऱ्याने बांधलेली जाड वही. वहीत गाण्यांना नंबर दिलेले असत. गिऱ्हाइकाने नंबर उतरवून घ्यायचे, नाहीतर घरून पाठकोऱ्या कागदावर यादी आणायची. ‘दोन-चार गाणी जास्त लिहा, एखादी रेकॉर्ड सापडत नाही’ हे दुकानदाराचे पालुपद. कोऱ्या कॅसेटचे पैसे वेगळे, भराईचे वेगळे. चार दिवसांनी या.

यादी गिऱ्हाइकाची असली तरी कॅसेट घडवण्यात दुकानदाराचा मोठा वाटा असे, आणि तो फारसा कुणी मोजत नाही. एका चित्रपटाची दोन गाणी यादीत दूर दूर असली तर तबकडी पुन्हा काढायला नको म्हणून तो ती लागोपाठ भरून टाकी. बाजूच्या शेवटी दोन-अडीच मिनिटे उरली तर तिथे स्वतःच्या पसंतीचे काही तरी, बहुधा एखादी वाद्यसंगीताची धून. विरहाची पंधरा गाणी नीट रचून दिलेल्या यादीच्या शेवटी ढोलकीची लावणी निघाली की गिऱ्हाईक वैतागे. चांगला दुकानदार मात्र यादी वाचून विचारी, ‘हे एवढं एकच फास्ट आहे, काढू का?’ त्याला मूड कळलेला असे.

क्रम आणि मूड. मनःस्थितीनुसार गाणी ओवण्याची कल्पना कॅसेटबरोबर आलेली नाही. रागांना प्रहर नेमून देणारी परंपरा आपल्याकडे जुनीच, आणि मैफलीचा क्रमही ठरलेला : विलंबितापासून द्रुताकडे, अखेर भैरवी. १९५७ मध्ये सुरू झालेल्या विविध भारतीवर रात्रीच्या ‘छायागीत’मध्ये निवेदक एखादा भाव धरून गाणी निवडतो आणि मधे हळू आवाजात दोन वाक्ये बोलतो. मराठी-हिंदी ऐकणाऱ्यांना मूडप्रमाणे गाणी कशी लावायची हे बऱ्याच अंशी त्या कार्यक्रमाने शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

मूडला जुळणारे ऐकावे की तो बदलणारे, यावर शास्त्रातही दोन वाटा दिसतात. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ इरा ऑल्टशुलर यांनी १९४० च्या दशकात मांडलेल्या ‘आयसो तत्त्वा’नुसार रुग्णाच्या आत्ताच्या मनःस्थितीशी जुळणाऱ्या संगीतापासून सुरुवात करावी आणि तिथून हळूहळू हव्या त्या दिशेला न्यावे. संगीतोपचारात ते अजून वापरले जाते. डॉल्फ झिलमन यांचा १९८० च्या दशकातील ‘मूड मॅनेजमेंट’ सिद्धांत सांगतो, की माणसे नकळत असेच काही निवडतात ज्याने वाईट मनःस्थिती ओसरेल. आता ‘दर्द’ असे पाठीवर लिहून तलत महमूदची सोळा गाणी भरून घेणारा कॉलेजातला मुलगा या सिद्धांतात कुठे बसवायचा, हा प्रश्नच आहे. त्याला दुःख ओसरायला नकोच असते, कुणी तरी नीट मांडून दिलेले हवे असते.

भरणारे काही गोष्टी अनुभवाने शिकत. पहिले गाणे फार आवडते ठेवायचे नाही, कारण फितीचे तोंड सर्वांत जास्त झिजते आणि पहिली चार-पाच सेकंदे तर बिनमसाल्याची, म्हणजे चुंबकीय लेप नसलेली, कोरी पट्टी असते : लगेच रेकॉर्डिंग सुरू केले तर मुखडाच कापला जातो. जुन्या गाण्याला लागून नवे घेतले तर आवाज एकदम चढतो आणि रात्री ऐकणारा दचकून उठतो, म्हणून पातळी आधी पाहून घ्यायची. दोन बाजूंना दोन भाव द्यायचे, ए बाजूला रुसवा तर बी बाजूला समजूत. कॅसेट उलटायला उठावे लागते तेवढ्यात मन बदलते, त्याचा फायदा घ्यायचा. बाजू संपताना गाणे मधेच तुटण्यापेक्षा थोडी जागा रिकामी बरी, असे काहींचे मत. काटकसरी घरांत मात्र अर्धे गाणेही चालत असे. सगळे मनासारखे झाले की कॅसेटच्या पाठीवरचे दोन प्लॅस्टिकचे तुकडे स्क्रू-ड्रायव्हरने मोडायचे, म्हणजे तिच्यावर दुसरे काही भरता येत नाही. पुढे विचार बदलला तर त्या भोकांवर चिकटपट्टी लावायची.

कायदा. इंग्लंडमध्ये ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने १९८१ मध्ये घरगुती रेकॉर्डिंगविरुद्ध मोठी मोहीम काढली, पश्चिम जर्मनीने तर १९६५ च्या कायद्यानेच रेकॉर्डिंगच्या यंत्रांवर शुल्क बसवले होते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ मध्ये दुरुस्ती होऊन चाचेगिरीची शिक्षा वाढली. पैसे घेऊन विनापरवाना गाणी भरून देणे हा गुन्हाच होता. रेकॉर्डिंग सेंटरची पाटी मात्र रस्त्याला तोंड करून, मोठ्या अक्षरांत असे.

उत्तरकाळ. सीडीवर एमपी-३ भरण्याची सोय झाली आणि ७०० एमबीच्या एका तबकडीत दीडशेहून अधिक गाणी मावू लागली. यादी करण्याची गरज तिथेच संपली. जे सापडेल ते भरले जाऊ लागले. ‘सारेगामा’ या संगीत कंपनीने २०१७ मध्ये आणलेल्या ‘कारवाँ’ या गाण्यांच्या पेटीत पाच हजार गाणी आधीच भरलेली होती. आता फोनवरच्या प्लेलिस्टला तर शेवटच नाही, ती संपत आली की अ‍ॅप स्वतःच पुढचे गाणे सुचवते. दुकानदार उरलेल्या जागेत आपली धून घाली, त्याचाच हा वंशज म्हणता येईल, पण याची जागा कधी उरत नाही.

जुन्यावर नवे भरणे. कोऱ्या कॅसेटला पैसे पडत, म्हणून घरातली एखादी जुनी पुसून तिच्यावरच गाणी घेण्याची पद्धत सर्रास होती. टेपचे इरेज हेड फक्त तेवढीच फीत पुसते जेवढी रेकॉर्डिंगच्या वेळी पुढून जाते. नवी गाणी २७ मिनिटांची असली तर शेवटची तीन मिनिटे पूर्वीचीच राहतात. त्यामुळे आजही कपाटातून अशी कॅसेट काढून लावली, की शेवटची गझल विरते, खट् असा आवाज होतो, आणि १९८६ च्या कुणाच्या तरी मुंजीतली मंगलाष्टके मधूनच सुरू होतात. मागे पंगतीची भांडी वाजत असतात आणि माइकजवळ उभी असलेली कुणी एक बाई ‘अरे, तो टेप चालू आहे का बघ’ असे विचारते.