प्रभागात दहा वर्षांनी मुलं किती असतील?

नवी शाळा उभी राहायला, जागा ताब्यात घेण्यापासून धरलं तर, काही वर्षं सहज जातात. त्यामुळे पालिकेला जो आकडा हवा असतो तो आजच्या मुलांचा नसतो. त्यातली बरीच मुलं अजून जन्मालाही आलेली नसतात. अशा प्रश्नांसाठी पालिका विद्यापीठातल्या लोकसंख्या-अभ्यासकांची मदत घेतात. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात तर शहरांच्या लोकसंख्येचा वार्षिक अंदाज पोर्टलंड स्टेट विद्यापीठाचं लोकसंख्या संशोधन केंद्र काढतं आणि राज्याच्या महसुलातला शहरांचा काही वाटा त्या आकड्यांवर ठरतो.

अंदाजाची मूळ रीत जुनी आहे. अर्थशास्त्रज्ञ एडविन कॅनन यांनी १८९५ मध्ये इंग्लंड आणि वेल्ससाठी ती मांडली: प्रत्येक वयोगट पुढे सरकवायचा, मृत्यू वजा करायचे, जन्म मिळवायचे, स्थलांतराचा हिशेब घालायचा. देशासाठी हे जमतं. प्रभागासाठी अडतं, कारण तिथे कोण आलं आणि कोण गेलं याची वयवार नोंद सहसा नसतेच, आणि छोट्या भागात खरा फरक स्थलांतरानेच पडतो.

यावर हॅमिल्टन आणि पेरी यांनी १९६२ मध्ये सुचवलेली वाट सोपी आहे. दोन जनगणना घ्यायच्या. समजा, मागच्या जनगणनेत ० ते ४ वयाची १,२०० मुलं होती आणि दहा वर्षांनी त्याच भागात १० ते १४ वयाची १,३८० निघाली. गुणोत्तर १.१५. मृत्यू आणि स्थलांतर दोन्ही त्यात आपोआप आले. आता त्या भागात ० ते ४ वयाची १,००० मुलं असतील, तर पुढच्या दहा वर्षांनी १० ते १४ वयाची १,१५० धरायची. नव्या बाळांसाठी, मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांमागे लहान मुलं किती, हे प्रमाण वापरतात.

फसगत कुठे होते? एक, प्रभागाच्या सीमा बदललेल्या असतात. दोन्ही जनगणनांचे आकडे आधी एकाच नकाशावर आणल्याशिवाय गुणोत्तर काढणं व्यर्थ आहे. दुसरी जागा म्हणजे वसतिगृहं. तिथे दरवर्षी नवी मुलं येतात आणि जुनी जातात, म्हणजे तिथली माणसं कधी म्हातारी होत नाहीत. त्यांना वेगळं काढलं नाही तर विशीतला गट फुगतो आणि तिशीतला कोसळतो. म्हणून वसतिगृहं, वृद्धाश्रम, तुरुंग यांतली संख्या आधी वजा करायची आणि शेवटी जशीच्या तशी मिळवायची. तिसरी चूक जन्मनोंदीची. नोंद प्रसूती जिथे झाली तिथली असेल, तर मोठं रुग्णालय असलेल्या भागात आसपासच्या गावांची बाळंही मोजली जातात. आईच्या राहत्या पत्त्यावरून नोंदी पुन्हा वाटल्याशिवाय त्यातून पहिलीच्या वर्गाचा अंदाज काढू नये.

पालिकेकडे मात्र विद्यापीठाकडे नसलेली एक गोष्ट असते: ताज्या नोंदी. घरांवरून लोकसंख्या काढताना घरांची संख्या, त्यातली भरलेली किती आणि दर घरी माणसं किती, यांचा गुणाकार करतात. समजा १२,००० घरं, ९२ टक्के भरलेली, घरटी ३.१ माणसं: ३४,२२४. घरटी आकडा २.९ धरला की उत्तर ३२,०१६ वर येतं, २,२०८ माणसं कमी. दशांशातला एवढासा फरक, पण पाणीपुरवठ्याच्या हिशेबात तो जाणवतो. म्हणून हा आकडा जुन्या जनगणनेतून उचलून चालत नाही. नमुना पाहणी करावी लागते. घरांच्या मोजणीतही बांधकाम परवाना म्हणजे घर नव्हे. परवाना निघून काम अडलेली घरं असतात, पाडलेली घरं यादीत तशीच राहतात, एका वीजमीटरवर दोन कुटुंबं राहतात.

पद्धत विश्वासाची आहे का, हे मागे जाऊन तपासता येतं. शेवटची जनगणना झाकून ठेवायची, आधीच्या दोन घेऊन तिचा अंदाज काढायचा आणि मग खऱ्या आकड्यांशी ताडायचा. प्रभाग जितका लहान आणि पल्ला जितका लांब, तितकी चूक मोठी निघते. झपाट्याने वाढलेल्या भागाचं गुणोत्तर तसंच पुढे नेलं तर फुगलेलं भाकीत हमखास येतं. मोकळी जमीन संपली की तशी वाढ होत नाही. त्यामुळे तिथे गुणोत्तराला मर्यादा घालतात आणि सगळ्या प्रभागांची बेरीज शहराच्या स्वतंत्र अंदाजाशी जुळवून घेतात. एकच आकडा मागणाऱ्या अधिकाऱ्यालाही कमी, मध्यम आणि जास्त असे तिन्ही द्यावेत, असं आमचं ठाम मत आहे.

पालिका आणि विद्यापीठ यांच्यातल्या करारात काही गोष्टी आधीच लिहून घ्याव्या लागतात. नोंदींतून नाव आणि पत्ता काढून प्रभागाचा संकेतांक तेवढा ठेवायचा, आणि अगदी मोजकी माणसं असलेल्या रकान्यांचे आकडे जाहीर करायचे नाहीत. अहवाल अंदाजपत्रक ठरण्याआधी हाती यायला हवा. आणि आकड्यावर पालिकेला हरकत घेता यावी, पण पुराव्यासह: वगळलेल्या इमारतींची यादी, भोगवटा प्रमाणपत्रं, शाळांचे पट. निधी लोकसंख्येवर मिळतो म्हणून आकडा वाढवून द्या, ही मागणी हरकत म्हणून नोंदवायची नाही.