नेटवर्क बूट 32 एमबीवर का अडतं?

लॅबमध्ये तीस संगणक म्हणजे तीस हार्डडिस्क, तीस वेळा इन्स्टॉलेशन आणि तीस वेळा अपडेट, असा सर्रास समज आहे. पण एकाच सर्व्हरवरून तीसही संगणक डिस्कशिवाय सुरू होतात. त्यासाठी लागणारी पीएक्सई (नेटवर्कवरून संगणक सुरू करण्याची पद्धत) ही सोय बहुतेक डेस्कटॉपमध्ये आधीपासूनच असते. सेटअपमध्ये जाऊन नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर आणायचं.

संगणक सुरू होताच डीएचसीपीने, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते वाटणाऱ्या पद्धतीने, पुकारा करतो: मला पत्ता द्या, बूट फाइल कुठे ते सांगा. पत्ते वाटायला राउटर असतोच. त्याच लॅनवर दुसरा डीएचसीपी सर्व्हर उभा केला, तर एकच पत्ता दोन मशीनना जाऊ शकतो. म्हणून सर्व्हरवर डीएनएसमास्क हा छोटा प्रोग्रॅम प्रॉक्सी पद्धतीने, म्हणजे स्वतः पत्ते न वाटता, चालवा. पत्ता राउटर देईल, फाइलचं नाव डीएनएसमास्क सांगेल. संगणक सुरू करणाऱ्या जुन्या बायोसची फाइल त्याच्या जागी आलेल्या यूईएफआयला चालत नाही. संगणक आपला प्रकार डीएचसीपीच्या पुकाऱ्यातल्या 93 क्रमांकाच्या पर्यायात कळवतो, त्यावरून योग्य फाइल द्यायची.

ती फाइल येते टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या पद्धतीने, आणि खरी गंमत इथे आहे. टीएफटीपी 512 बाइटचा एक तुकडा पाठवतो, पोच येईपर्यंत थांबतो, मग पुढचा पाठवतो. 512पेक्षा लहान तुकडा आला, की फाइल संपली. लिनक्स सुरू होताना लागणाऱ्या सुरुवातीच्या फाइलींचा गठ्ठा म्हणजे इनिटआरडी; 60 एमबीच्या इनिटआरडीचे 1,22,880 तुकडे होतात. दर तुकड्याच्या जाण्यायेण्याला अर्धा मिलिसेकंद धरला तरी एक मिनिट जातं, केबल गिगाबिटची असली तरी! तुकडा 1456 बाइटचा केला, तर हेच काम साधारण 22 सेकंदांत होतं. तुकड्याचा क्रमांक 16 बिटांचा असल्याने मोजणी 65,535ला संपते. पुन्हा शून्यापासून मोजणं ज्या प्रोग्रॅमला येत नाही, तो 512च्या तुकड्यांनी 32 एमबीवर अडतो. म्हणून टीएफटीपीने फक्त आयपीएक्सई हा छोटा बूट प्रोग्रॅम आणा. कर्नल (लिनक्सचा गाभा) आणि इनिटआरडी त्याला एचटीटीपीने, म्हणजे वेबपानं येतात त्या पद्धतीने, घेऊ द्या. एचटीटीपीखालचा टीसीपी हा वाहतुकीचा थर दर तुकड्याच्या पोचेसाठी खोळंबत नाही.

‘हे मशीन पहिल्यांदा लागतच नाही, दुसऱ्यांदा लागतं’ असंही ऐकू येतं. यात मशीनच्या लहरीचा किंवा नशिबाचा काही संबंध नाही. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमध्ये केबलचा वेढा होऊ न देणारी सोय) चालू असलेला स्विच लिंक आल्यावर पोर्ट सुमारे 30 सेकंद अडवून ठेवतो, तेवढ्यात पीएक्सईची मुदत संपते. संगणकांच्या पोर्टवर पोर्टफास्ट, म्हणजे ही वाट न पाहता पोर्ट लगेच उघडणारी सोय, चालू करा.

कर्नल आल्यावर मूळ फाइलसिस्टिम एनएफएसवरून (सर्व्हरवरचं फोल्डर नेटवर्कवरून वापरायची पद्धत) फक्त वाचण्यापुरती जोडा, आणि लिहिलेलं सगळं ओव्हरलेने, म्हणजे तिच्यावर ठेवलेल्या तात्पुरत्या थराने, रॅममध्ये जाऊ द्या. अख्खी 500 एमबीची इमेज तीस जणांना उतरवायची तर 15 जीबी होतात. सर्व्हरच्या एका गिगाबिट केबलमधून त्याला सव्वादोन मिनिटं लागतात. एनएफएसवर लागेल तेवढाच भाग येतो. विद्यार्थ्यांचं होम फोल्डर मात्र वेगळं, लिहिता येईल असं जोडा. कारण ओव्हरलेतलं सगळं रीस्टार्टला पुसलं जातं.