एशियानाची मालवाहतूक कोरियन एअरकडे गेलेली नाही

दक्षिण कोरियाच्या कोरियन एअरने तिथलीच दुसरी विमान कंपनी एशियाना घेतली, म्हणजे तिची मालवाहू विमानंही त्यांच्याच ताब्यात गेली, असं 2020 मध्ये विलीनीकरण जाहीर झाल्यापासून सर्रास सांगितलं जातं. ते चुकीचं आहे.

व्यवहार डिसेंबर 2024 मध्ये पूर्ण झाला, पण त्याआधी युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, अट घातली होती: एशियानाचा मालवाहतूक विभाग दुसऱ्या कंपनीला विका. कारण उघड आहे. कोरिया-युरोप मार्गावर मालवाहतुकीत याच दोन कंपन्या मोठ्या होत्या. त्या एक झाल्या असत्या तर दरांना लगाम घालणारं कोण उरलं असतं?

विभाग घेतला एअर इंचॉनने, 470 अब्ज वॉनला. 2012 मध्ये स्थापन झालेली ही फक्त मालवाहू कंपनी. तिची बोइंग 737 विमानं साधारण वीस टन माल घेऊन आशियातच फिरायची. आता तिच्याकडे 747 आली. शंभर टनांहून जास्त माल, नाक उघडून लांबलचक यंत्रं आत घेण्याची सोय आणि अमेरिका-युरोपचे मार्ग! लहान कंपनीने एवढा भार उचलणं मला खरंच मोठं वाटतं.

1 ऑगस्ट 2025 पासून ही कंपनी एअरझेटा या नावाने उडते आहे आणि मालवाहतुकीत कोरियन एअरची ती थेट स्पर्धक आहे.