मांजर क्रमांक ४००

जपानच्या क्यूशू बेटावरील मिनामाता येथे १९५९ साली झालेल्या विषबाधेच्या प्रयोगातील मांजर. माणसाला कोणत्या रसायनाने काय होते हे प्राण्यावरून ताडण्याच्या पद्धतीला विषविज्ञानात प्राणी-प्रारूप म्हणतात. या मांजराइतके निर्णायक प्रारूप क्वचितच सापडेल.

मिनामाताच्या किनाऱ्यावर १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपासून मांजरे झिंगल्यासारखी चालू लागली, गरगर फिरून मरू लागली. मग कोळ्यांच्या घरांतली माणसे आजारी पडली : हातपाय बधिर, बोलणे जड, नजरेचा आवाका अरुंद. चिस्सो या रसायन कंपनीच्या कारखान्यातील इस्पितळाचे प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी १ मे १९५६ रोजी आरोग्य केंद्राला या अनोळखी रोगाची खबर दिली.

प्रयोगाला उंदराऐवजी मांजर घेणे इथे योग्यच होते, कारण कोळ्याच्या घरी मांजर खाते तेच मासे माणूस खातो. बाहेरून आणलेली धडधाकट मांजरे उपसागरातल्या मासळीवर ठेवली की आजारी पडत. मासळीत विष होते हे यावरून कळले, पण ते आले कुठून हे कळेना. कुमामोतो विद्यापीठाने जुलै १९५९ मध्ये सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले, तेव्हा आम्ही फक्त अजैव पारा वापरतो, असे कंपनीने सांगितले.

होसोकावांनी समुद्र आणि मासा दोन्ही वगळले. ॲसिटाल्डिहाइड हे रसायन बनवणाऱ्या विभागाचे, समुद्रात सोडले जाणारे सांडपाणी त्यांनी रोज थेट मांजराच्या अन्नात मिसळले. या विभागात पारा उत्प्रेरक म्हणून वापरत, आणि त्याचे मिथिल पाऱ्यात, म्हणजे सेंद्रिय पाऱ्यात, रूपांतर तिथेच, यंत्रातच होत असे. जुलैमध्ये सुरू केलेल्या या खुराकाने ऑक्टोबरमध्ये मांजराला आचके येऊ लागले, लाळ गळू लागली. लक्षणे तीच होती.

एका मांजरावरून निष्कर्ष काढू नये, हा आक्षेप शास्त्राला धरूनच आहे. त्यावर उपाय एकच, प्रयोग पुन्हा करणे. व्यवस्थापनाने नेमके तेच थांबवले आणि निकाल दडवला. ३० डिसेंबर १९५९ रोजी रुग्णांशी करार झाला. पुढे सांडपाण्याचा दोष सिद्ध झाला तरी नवी भरपाई मागायची नाही, असे कलम त्यात होते. समोरच्यांना मांजराची गोष्ट ठाऊक नव्हती.

पाऱ्याची ही प्रक्रिया १९६८ पर्यंत चालू राहिली. मधल्या काळात आईच्या पोटातच विष भिनलेली मुले जन्मली. होसोकावांनी १९७० मध्ये रुग्णशय्येवरून साक्ष देऊन हा प्रयोग न्यायालयापुढे मांडला आणि त्याच वर्षी ते वारले. कुमामोतो जिल्हा न्यायालयाने मार्च १९७३ मध्ये कंपनीला दोषी ठरवले आणि तो करार रद्दबातल केला.