हिमनिर्मिती, कृत्रिम

पाण्याचे बारीक थेंब थंड हवेत फवारून ते जमिनीवर पडण्यापूर्वीच गोठवायचे आणि स्कीच्या, म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याच्या खेळाच्या, उतारांवर बर्फाचा थर तयार करायचा, या तंत्राला कृत्रिम हिमनिर्मिती म्हणतात. कमी उंचीवरच्या छोट्या स्की-केंद्रांचा सुरुवातीचा हंगाम, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबर, बहुधा याच तंत्रावर निघतो. महाराष्ट्रात डोंगरउतारावर त्याचा वापर होण्याचा प्रश्नच येत नाही. मात्र कडाक्याच्या थंडीत द्राक्षबाग वाचवताना जे भौतिक नियम लागू पडतात तेच येथे उलट बाजूने कामी येतात. म्हणून निफाड परिसरातील थंडीचा विचार याच नोंदीत केला आहे.

उगम : या तंत्राचे जनकत्व वादग्रस्त आहे. सर्वसाधारणपणे श्रेय अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील वेन पिअर्स, आर्ट हंट व डेव्ह रिची या तिघांना दिले जाते. त्यांचा स्की बनवण्याचा व्यवसाय होता. १९४९-५० च्या हिवाळ्यात बर्फच न पडल्याने विक्री मंदावली, तेव्हा त्यांनी रंग फवारण्याचा कॉम्प्रेसर, तोटी आणि बागेची रबरी नळी जोडून मार्च १९५० च्या सुमारास पहिला बर्फ पाडला. पिअर्स यांना पेटंट १९५४ मध्ये मिळाले. त्याच राज्यातील मोहॉक माउंटन या लहानशा केंद्राचे चालक वॉल्ट शोनेक्ट यांनी तत्पूर्वी लाद्यांचा बर्फ आणून, भरडून उतारावर पसरला होता. ही हिमनिर्मिती नव्हे, पण गरज किती निकडीची होती ते त्यावरून कळते.

दुसरा दावा मॅसॅच्युसेट्समधील ट्रोपियानो बंधूंचा. ते सिंचन-सामग्रीच्या व्यवसायात होते. फळबागांना हिमबाधेपासून वाचवण्यासाठी धुक्यासारखा फवारा उडवताना त्यांना बर्फ मिळाला, असे सांगितले जाते. तिसरे मत कॅनडाचे : १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात जेट इंजिनावर बर्फ कसा साचतो याचा अभ्यास करताना रेमंड रिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी गार वाऱ्याच्या बोगद्यात पाणी फवारले आणि बोगद्यात बर्फ साचू लागला. तेथे तो नकोसाच होता. कालक्रमाने कॅनडातील प्रयोग अगोदरचा दिसतो. परंतु स्कीच्या उतारासाठी म्हणून जाणूनबुजून केलेली रचना पिअर्स व सहकाऱ्यांचीच मानणे अधिक सयुक्तिक वाटते. ट्रोपियानोंची हकीकत तपशिलात डळमळीत असली तरी सिंचन आणि हिमनिर्मिती यांचे नाते तीच सर्वांत स्पष्ट दाखवते. व्यावसायिक केंद्रावर नियमित वापराची सुरुवात न्यूयॉर्क राज्यातील ग्रॉसिंगर्स येथे १९५२ मध्ये झाली, असे बहुतेक संदर्भ मानतात.

तत्त्व : ० अंश सेल्सिअसच्या १ ग्रॅम पाण्याचा बर्फ होताना सुमारे ८० कॅलरी उष्णता बाहेर पडते. तेवढ्याच पाण्याची वाफ होताना सुमारे ६०० कॅलरी खेचल्या जातात. म्हणजे फवाऱ्यातले १ ग्रॅम पाणी उडून गेले तर सुमारे ७ ग्रॅम पाणी गोठण्याइतकी उष्णता निघून जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते तेच हे कारण. साहजिकच हवा किती थंड आहे याइतकेच ती किती कोरडी आहे यालाही महत्त्व येते. म्हणून हिमनिर्मिती करणारे साध्या तापमापकाऐवजी ओले फडके गुंडाळलेल्या तापमापकाचे, म्हणजे वेट बल्बचे तापमान पाहतात. ते साधारण उणे २.५ अंशांखाली गेले की काम सुरू करता येते. हवा १ अंशावर असून आर्द्रता ४० टक्के असेल तर वेट बल्ब उणे २.६ च्या आसपास येतो. हवा उणे २ अंश, पण आर्द्रता ९० टक्के असेल तरी तो जेमतेम उणे २.५ च असतो. तीन अंशांचा फरक आर्द्रतेने असा पुसून टाकला जातो.

थेंब गोठायला बीजही, म्हणजे ज्यावर बर्फ धरावा असा एखादा कणही, लागतो. अगदी शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे ३८ अंशांपर्यंत द्रव राहू शकतात. दाबाखालची हवा तोटीतून सुटताना प्रसरण पावून एकदम थंड होते व बारीक हिमकण तयार होतात. उरलेले थेंब त्यांच्यावर गोठतात. १९८० च्या दशकापासून काही ठिकाणी स्यूडोमोनास सिरिंजी या जीवाणूचे मृत अवशेष पाण्यात मिसळतात. त्याच्या पेशीवरील एक प्रथिन उणे २-३ अंशांनाच बर्फ धरवते. हाच जीवाणू पानांवर राहून पिकांना हिमबाधा घडवतो. ते प्रथिन न बनवणारा त्याचा जनुकीय बदल केलेला वाण १९८७ मध्ये कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या शेतावर खुल्या हवेत तपासला गेला. स्कीवाल्यांना जीवाणूचा जो गुण हवा तोच शेतकऱ्याला नको, असा हा मामला आहे.

सुरुवातीच्या हंगामातील अडचणी : मोठ्या केंद्राकडे शेकडो यंत्रे, शीतमनोरे व प्रशस्त जलाशय असतात. छोट्याकडे एखादे तळे, भाड्याचे कॉम्प्रेसर आणि मोजकी माणसे. १ एकर उतारावर ३० सेंटिमीटर थर द्यायचा तर सुमारे पाच ते सहा लाख लिटर पाणी लागते, कारण यंत्राचा बर्फ घनमीटरला ४०० ते ५०० किलो भरतो. ताजा नैसर्गिक हिम १०० किलोंच्या आतच असतो. नोव्हेंबरमध्ये तळ्याचे पाणी अजून कोमट असते आणि जमिनीत उन्हाळ्याची ऊब शिल्लक असते. हवामान साथ देते ते रात्रीचे काही तास. वेट बल्ब उणे २-३ वर रेंगाळत असेल तर पाणी जपून सोडावे लागते; तोच उणे ८-१० वर गेला तर तेच यंत्र कित्येक पट बर्फ देते. यंत्रावरचा माणूस फवाऱ्याखाली कोटाची बाही धरतो : कण उड्या मारून गळाले तर बर्फ कोरडा, बाहीला चिकटून भिजवू लागले तर पाणी जास्त. तोटी बंद करून नळी रिकामी करायला उशीर झाला तर नळीच गोठते. निरभ्र, निवांत रात्री गार हवा दरीत उतरते व तापमानाची विपरीतता होते, म्हणजे खालची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. मग पायथ्याशी बर्फ पडतो आणि माथा कोरडा राहतो. एका पावसाने आठवड्याची मेहनत वाहून जाते. त्यामुळे सगळ्या उतारांवर विरळ थर देण्यापेक्षा एकच उतार जाड थराने उघडण्याचा मार्ग अशी केंद्रे पत्करतात.

निफाडची थंडी : नाशिक जिल्ह्यात निफाड, ओझर, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यात पारा अनेकदा राज्यात सर्वांत खाली जातो, निफाडची नोंद कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रातून येते. बागायतीच्या ओलाव्यामुळे तालुका गारठतो, हे स्थानिक स्पष्टीकरण प्रचलित आहे. पण ओली जमीन दिवसा उष्णता साठवून रात्री सोडते, त्यामुळे एवढे कारण पुरेसे वाटत नाही. उत्तरेकडील थंड, कोरडी हवा, निरभ्र आकाश आणि गोदावरी-कादवेच्या सखल खोऱ्यात रात्री साचणारी गार हवा, हे स्पष्टीकरण अधिक पटते. पारा २-३ अंशांवर आला की ‘दवबिंदू गोठले’ अशी बातमी येते. हवेत ३ अंश असले तरी उघड्यावरचे गवत व पाने उष्णता फेकून त्याहून थंड होतात, म्हणून हे घडू शकते. हिमनिर्मितीला मात्र ही थंडी अपुरी : ३ अंश व ४० टक्के आर्द्रता धरली तरी वेट बल्ब उणे १ च्या खाली जात नाही, आणि पहाटे आर्द्रता याहून बरीच जास्त असते.

ऑक्टोबर छाटणीच्या बागेत डिसेंबर-जानेवारीत मणी फुगत किंवा साखर भरत असतात. थंडीने फुगवण थांबते, मण्यांना तडे जातात, भुरी हा बुरशीजन्य रोग वाढतो. उपाय दोन : पहाटे बांधावर पाचट आणि छाटणीच्या काड्यांच्या शेकोट्या, आणि रात्री ठिबकने विहिरीचे पाणी. पाणी हवेपेक्षा उबदार असते व मुळांजवळची माती तापमान धरून ठेवते. शेतीपंपाच्या विजेची पाळी कोणत्या वेळी आहे यावर हे सारे अवलंबून. परदेशांत बागेवर वरून तुषार मारतात. पाणी गोठताना सुटणाऱ्या ८० कॅलरींनी कळी तगते. पण हवा कोरडी असेल किंवा फवारा मध्येच थांबला तर बाष्पीभवनाच्या ६०० कॅलरी झाडातूनच वसूल होतात आणि नुकसान वाढते. नाशिककडे हा प्रकार रुजला नाही. पाने भिजवणे म्हणजे केवडा या रोगाला आमंत्रण, हे बागायतदार जाणतात.

भारतातील वापर : उत्तराखंडातील औली येथे जानेवारी २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी क्रीडास्पर्धांसाठी यंत्रे बसवण्यात आली व फवाऱ्याच्या पाण्यासाठी उंचावर कृत्रिम तलाव बांधण्यात आला. त्यानंतरही बर्फाअभावी तेथील स्पर्धा पुढे ढकलण्याची वा रद्द करण्याची वेळ आली आहे.