फिरस्ता बचावपटू (आइस हॉकी)

व्यावसायिक आइस हॉकीत एका संघात स्थिरावण्याऐवजी दर काही वर्षांनी, कधी ऐन हंगामात, संघ आणि शहर बदलत खेळणारा बचावपटू. उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) या सर्वोच्च स्पर्धेत असे खेळाडू जवळपास प्रत्येक संघात आढळतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, तसेच यांचेही. अनेक संघांतून खेळलेला तो कमी प्रतीचा, असा एक समज आहे. रॉन हेन्झी या अमेरिकन बचावपटूची कारकीर्द पाहिली, की तो समज टिकत नाही.

सामन्यासाठी संघ २ गोलरक्षक आणि १८ इतर खेळाडू उतरवतो. त्यांत साधारणपणे ६ बचावपटू असतात आणि ते दोघादोघांच्या तीन जोड्यांनी आळीपाळीने बर्फावर येतात. नियमित हंगामात प्रत्येक संघाचे ऐंशीहून अधिक सामने होतात. वेगाने येणारा पक (खेळायची रबरी चकती) अंगावर घेऊन अडवणे आणि काचेच्या कठड्यालगत धक्काबुक्की झेलणे हे बचावपटूचे रोजचे काम असल्याने दुखापती होतातच. एक जोडी मोडली, की दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी भरवशाचा माणूस हवा असतो. फिरस्त्याला मागणी येते ती इथून. आपल्या संघातला कोणी शिक्षा भोगायला बाहेर बसला असताना गोलरक्षक सोडून चौघांनी पाच जणांविरुद्ध दोन मिनिटे तग धरायचा असतो, तेव्हा अनुभवी बचावपटूची खरी किंमत कळते. गोल आणि साहाय्य मोजणाऱ्या तक्त्यात ही दोन मिनिटे कुठेच दिसत नाहीत.

संघ बदलण्याच्या वाटा तीन. पहिली ट्रेड. दोन संघ खेळाडूंची किंवा पुढील निवडप्रक्रियेतील (नवोदित खेळाडू संघांनी पाळीपाळीने निवडण्याची वार्षिक पद्धत) हक्कांची अदलाबदल करतात. करारात तसे संरक्षण लिहिलेले नसेल, तर खेळाडूला विचारावेही लागत नाही. दुसरी वेव्हर. पुरेसा अनुभव झालेल्या खेळाडूला खालच्या स्पर्धेत धाडण्यापूर्वी त्याचे नाव बाकी संघांपुढे ठेवतात आणि २४ तासांच्या आत कोणताही संघ त्याला चालू करारासह उचलू शकतो. तिसरी, करार संपल्यावर मोकळे होऊन नवा संघ शोधणे. २००५ मध्ये संघांच्या एकूण वेतनावर मर्यादा आल्यापासून मधल्या फळीतल्या खेळाडूंचे स्थलांतर हा बऱ्याचदा पैशांच्या हिशेबाचा भाग असतो.

हेन्झीचा जन्म १९८१ मध्ये कनेटिकट राज्यात झाला. २००० च्या निवडप्रक्रियेत माँट्रियलने त्याला १३ वा खेळाडू म्हणून घेतले. पहिल्या फेरीतल्या या मुलाकडून मोठ्या अपेक्षा होत्या, पण माँट्रियलकडून त्याला मोजकेच सामने मिळाले. बाकीचा काळ खालच्या अमेरिकन हॉकी लीगमध्ये गेला. २००५ च्या नोव्हेंबरात माँट्रियलने त्याला वेव्हरवर टाकले आणि कोलंबसने उचलले. त्याची खरी एनएचएल कारकीर्द इथे सुरू झाली. २००८ मध्ये अटलांटाने त्याच्याशी पाच वर्षांचा, सव्वादोन कोटी डॉलरचा करार केला. आता पाय टेकतील असे वाटत असताना २०११ मध्ये संपूर्ण संघच कॅनडातील विनिपेगला हलवण्यात आला. एका जागी राहण्याचा करार करूनही त्याला गाव बदलावे लागले.

२०१२ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादात टाळेबंदी झाली आणि हंगाम ४८ सामन्यांवर आला. त्या वाटाघाटींत खेळाडूंच्या बाजूने हेन्झी हिरिरीने पुढे होता. करार संपल्यावर २०१३ चा उन्हाळा त्याने संघाविना काढला. सप्टेंबरात कॅरोलायनाने त्याला एका वर्षासाठी घेतले, नंतर तीन वर्षांची वाढ दिली. या सगळ्या काळात एक गोष्ट त्याच्या वाट्याला आली नव्हती. तो ज्या ज्या संघातून खेळला, त्यांच्यापैकी एकाही संघाकडून त्याला बाद फेरीचा सामना खेळता आला नव्हता.

२३ फेब्रुवारी २०१७ रोजी पिट्सबर्गने ट्रेडमध्ये त्याला मिळवले. त्यांचे अनेक बचावपटू जायबंदी होते आणि पुढे प्रमुख बचावपटू क्रिस लेटँग मानेच्या दुखापतीमुळे पूर्ण बाद फेरीला मुकला. एप्रिलमध्ये, नियमित हंगामाचे ९०७ सामने खेळून झाल्यावर, ३६ वर्षांचा हेन्झी पहिल्यांदा बाद फेरीत उतरला. समोर कोलंबस होता, एकेकाळी त्याला वेव्हरवरून उचलणारा संघ. पिट्सबर्गच्या त्या मोहिमेतले सर्व २५ सामने तो खेळला. अंतिम मालिकेतील नॅशव्हिलविरुद्धच्या पाचव्या सामन्यात त्याने गोलही केला. ११ जून रोजी पिट्सबर्गने स्टॅनली चषक, म्हणजे एनएचएलचे विजेतेपद, जिंकला. चषक प्रथम कर्णधार उचलतो आणि मग तो कोणाच्या हाती देतो, याकडे सर्वांचे लक्ष असते. कर्णधार सिडनी क्रॉस्बीने तो हेन्झीच्या हाती दिला. संघात येऊन जेमतेम साडेतीन महिने झालेल्या माणसाला मिळालेला हा मान संघातल्या सहकाऱ्यांना त्याच्याबद्दल काय वाटत होते ते सांगून जातो.

लगेच जुलैमध्ये तो टोरांटोत गेला. डाव्या हाताने खेळणारा असूनही तिथे तो उजव्या बाजूला, तरुण मॉर्गन रायलीच्या जोडीने खेळला. २०१८-१९ च्या हंगामात त्याचे एक हजार सामने पूर्ण झाले. शेवटचा संघ ओटावा. मार्च २०२० मध्ये करोनामुळे हंगाम थांबला आणि १,१३२ सामन्यांवर त्याची कारकीर्द संपली.

संघांच्या संख्येत त्याच्या पुढे गेलेले बचावपटू आहेत. मिशेल पेटी आणि मॅथ्यू श्नायडर हे दोघेही प्रत्येकी दहा संघांतून खेळले. सर्व जागांचा विचार करता एनएचएलमधील विक्रम बारा संघांचा असून तो मध्यभागी खेळणाऱ्या माइक सिलिंजरच्या नावावर आहे. हेन्झी निवृत्तीनंतर खेळाडूंच्या संघटनेत कामाला लागला.